डेरा आणि धुरा

देवरी हे रस्त्याचे गाव. नागपूरहून निघालेला मोठा रस्ता भंडारा, साकोली, कोहमारा मागे टाकून आमच्या दारावरून जातो आणि बाघनदीपाशी छत्तीसगडात शिरतो. रात्री मालमोटारींची घरघर थांबली तर येथल्या माणसाची झोप मोडते, इतकी ती अंगवळणी पडलेली आहे. आमच्या लहानपणी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. २०१० साली आकडे बदलले आणि तो ५३ झाला. रायपूर-भिलाईकडे मात्र लोक आजही त्याला जी. ई. रोड म्हणतात. म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. साहेब गेला, पण त्याच्या रस्त्याची आद्याक्षरे दुकानांच्या पाट्यांवर राहिली.

अशा रस्त्याच्या गावातल्या चार माणसांनी रस्ता सोडून हिंडण्याची हौस धरावी, याचे वाचकांना नवल वाटेल. त्याला कारण झाली एक जीप. महामार्गावर गॅरेज चालवणाऱ्या माझ्या मित्राने ती सरकारी लिलावात घेतली, वर्षभर तिची हाडे जुळवली आणि मागच्या पौषात एका शनिवारी दुपारी ती माझ्या दारात आणून उभी केली. सोबत धानाच्या गिरणीतला मुनीम होता आणि वनखात्यातून निवृत्त झालेला आणखी एक स्नेही. चिचगडच्या अंगाने निघायचे, डांबर संपले की गाडीवाटेने जायचे, रात्री उघड्यावर डेरा टाकायचा आणि रविवारी परतायचे, असा बेत होता. "रस्त्यावरून तर कोणीही जाते," गॅरेजवाला म्हणाला.

मी शाळेत इतिहास शिकवतो. इतिहाससंशोधक नव्हे, मॅट्रिकच्या पुढे माझी पाटी कोरीच राहिली. पण त्याचे ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. कारण या मुलखात रस्त्यावरून कोणीही जाऊ लागले त्याला फार दिवस झालेले नाहीत.

मध्यप्रांत १८६१ साली बनला. त्याआधी या झाडीपट्टीत खडी घातलेला रस्ता नव्हता. जी वाट होती ती बैलांच्या खुरांनी पाडलेली. छत्तीसगडचे धान्य पश्चिमेकडे आणि इकडचे मीठ तिकडे नेणारे बंजाऱ्यांचे तांडे या रानातून शेकडो बैल हाकीत जात. गाडीला चाकोरी लागते, लादलेल्या बैलाला लागत नाही. सायंकाळी तांडा उतरला की गोणींची भिंत रचायची, मध्ये चूल पेटवायची, भोवती कुत्री सोडायची, झाला डेरा. सकाळी राख तेवढी मागे. रस्ता सोडून जाणे या शब्दांना त्या लोकांच्या लेखी काही अर्थच नव्हता. सोडायला रस्ता हवा ना!

मग रिचर्ड टेंपल आला. १८६२ ते १८६७ या काळात तो मध्यप्रांताचा चीफ कमिशनर होता. एका जागी न बसणारा माणूस. प्रांत म्हणजे काय ते घोड्याच्या पाठीवरून पाहणारा. नागपुरापासून चहूकडे रस्ते काढण्याचे काम त्याच्या कारकिर्दीत जोराने सुरू झाले. पूर्वेकडे रायपूरला जाणारा रस्ता त्यांतलाच. पण खडीचा रस्ता होईपर्यंत साहेबालाही आमच्यासारखेच नालेखोले ओलांडावे लागत, आणि नाला साहेब ओळखत नाही. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, तो १८६३ च्या सप्टेंबरात टेंपलबरोबर टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहण्यास गेला होता. टाकळघाट नागपूरच्या दक्षिणेस, आमच्यापासून दूर. परतताना रात्री एकटाच घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे निघाला आणि पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून मेला. त्याने गोंडांकडून मिळवलेली लिंगोची गाथा टेंपलने पुढे १८६६ साली छापून प्रसिद्ध केली. ज्या लिंगोने गुहेत कोंडलेल्या देवांना मोकळे केले असे गोंड मानतात, त्याचे कचारगड आमच्या शेजारच्या सालेकसा तालुक्यात आहे. दर माघी पौर्णिमेस तेथे दूरदूरच्या प्रांतांतून गोंड लोक येतात. आता जीपा आणि ट्रॅक्टर आले. पूर्वी बंड्या येत. तांदूळ, सरपण, भांडी, म्हातारे आईबाप सारे बंडीत. तेही उघड्यावरच राहत, पण आपले ओझे आपण वाहून.

आमच्या शाळेतल्या पुस्तकात साहेबाच्या रस्त्यांबद्दल दोन ओळी आहेत. त्याच्या तंबूबद्दल एकही नाही. माझ्या मते तंबू हाच राज्यकारभाराचा खरा खांब होता. हिवाळा लागला की जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर निघे. तंबूंचे दोन संच असत. साहेब एका तंबूत झोपलेला असताना दुसरा संच रातोरात पुढच्या गावी जाई, म्हणजे सकाळी दहा-पंधरा मैल घोडा दौडवून साहेब पोचला की पडदे टांगलेले, टेबल मांडलेले, अंघोळीचे पाणी तापलेले. हे सारे कोण नेई? गावोगावच्या बंड्या. आणि गवत, लाकूड, दूध, कोंबडी, अंडी यांची रसद कोण पुरवी? तेच गाव. भाडे सरकारी दराने द्यावयाचे असा नियम कागदावर असे. वरून निघालेला पैसा चपराशी, मुकादम, पाटील अशा हातांतून खाली येता येता बंडीवाल्याच्या मुठीत बहुधा काही उरत नसे. याला वेठ म्हणत, बेगार म्हणत. आमचा हा सारा टापू चिचगडसारख्या जमीनदाऱ्यांचा. तेव्हा साहेबाच्या आधी जमीनदाराची वेठ असेच. धानाची मळणी आणि साहेबाचा दौरा हे दोन्ही एकाच ऋतूत येत, हे शेतकऱ्याचे आणखी दुर्दैव. जमीनदाऱ्या १९५१ साली संपल्या. तेव्हा हा भाग मध्यप्रदेशात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. बेगार त्याआधी वर्षभर, १९५० साली, घटनेच्या २३ व्या कलमाने बंद झाली.

रस्त्याचेही दिवस मध्यंतरी फिरले होते. १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे गोंदियावरून राजनांदगावला पोचली, पुढे ती बंगाल-नागपूर कंपनीने घेतली, आणि माल तिकडे गेला. गोंदिया वाढले, देवरी रस्त्याकाठी बसून राहिली. तांडेही मोडले. आगगाडीपुढे बैलाचे काय चालणार?

जीप या मुलखात आली ती साहेबाचा घोडा आणि तंबूची बंडी या दोघांची वारस म्हणून. अमेरिकेने १९४१ च्या सुमारास लढाईसाठी ती बनवली. लढाई संपल्यावर महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी १९४५ साली कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, कंपनीचे नाव १९४८ साली बदलले; पण मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली ती चालू राहिली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना निघाली आणि पुढे खेड्यापाड्यांत सरकार म्हटले की जीप, असे समीकरण बसले. अधिकारी सकाळी येई आणि दुपारी जाई. त्याला ना तंबू लागे ना रसद. एका यंत्राने वेठीला कलमाइतकाच हातभार लावला असे मी म्हटले तर घटनापंडित रागावतील. रागावोत.

या यंत्राची करामत साधी आहे. नेहमीच्या गाडीत इंजिनाचे बळ दोनच चाकांना जाते. जीपमध्ये एक दांडा ओढला की पुढची चाकेही ओढू लागतात. दुसरा ओढला की गाडी बैलाच्या चालीने चालते, पण जोर दुप्पट-अडीचपट होतो. चिखलात चाकांतली हवा थोडी कमी करतात, म्हणजे चाक पसरून बसते. पाण्यातून जायचे तर पंख्याचा पट्टा सैल करतात, नाहीतर पंखा इंजिनावर पाणी उडवतो. हे सारे गॅरेजवाल्याने आम्हांला चिचगडपर्यंत तीनदा समजावून सांगितले.

डांबर सुटले. साजाचे, मोहाचे रान लागले. वनखात्यातला स्नेही मधूनमधून बजावीत होता, "राखीव जंगलात चाक घालायचे नाही, नवेगाव-नागझिऱ्याचा व्याघ्रप्रकल्प तर सोडाच." ते बरोबरच होते. म्हणून आम्ही गावशिवारातली गाडीवाट धरली होती. ऊन उतरता उतरता एक बोडी दिसली. ज्यांना बोडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेताच्या वरच्या अंगाला मातीची पार घालून अडवलेले लहानसे तळे. भंडारा-गोंदियाच्या मुलखात अशी तळी हजारोंनी आहेत. कोहळी लोक या कामात निष्णात. नवेगावचा प्रचंड बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या कुशीत घातला, असे सांगतात. तलावाखाली बांधी, म्हणजे धानाची खाचरे, एकाखाली एक. आणि दोन बांधींमध्ये हातभर उंचीचा मातीचा धुरा. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत मापाने उतरते ते धुऱ्याच्या जोरावर.

गाडीवाट बोडीला वळसा घालून जात होती. गॅरेजवाल्याने समोर कापलेले धान पाहिले, कोरडे तणस पाहिले आणि चाक बांधीत घातले. मी अडवले नाही. खरे सांगायचे तर मलाही पाहायचे होते. पहिला धुरा जीपने टुणकन ओलांडला. दुसऱ्यावर मागचे चाक घसरले, धुरा खचला आणि गाडी खालच्या बांधीत कलली. वरून कोरडी दिसणारी ती माती बोडीच्या पाझराने आत ओलीच होती. चारही चाके फिरू लागली आणि चारही एकेक वीत खाली गेली. दांडे ओढून झाले, हवा कमी करून झाली. मग खाली उतरलो तेव्हा पायांखाली निळी फुले दिसली. लाखोडी! धान उभे असतानाच ओल्या बांधीत ती फेकून पेरतात. मोकळे समजून आम्ही उभ्या पिकातून पन्नास पावले गाडी हाणली होती. शेतकऱ्याच्या पोरांना शिकवणारा मी, मला ती दिसू नये!

एक म्हातारा खळ्याकडून आला. त्याने आधी जीपकडे पाहिले नाही. खचलेल्या धुऱ्यापाशी बसून त्यात हात घातला. मग निघून गेला आणि दोन पोरे व दोन बैलजोड्या घेऊन परतला. अंधार पडता पडता जीप वर आली. मुनीमाने पाचशेच्या दोन नोटा काढल्या. म्हाताऱ्याने हात मागे घेतला.

"माजा आजा सायबाच्या डेऱ्याले बंडी घिऊन जाय," तो म्हणाला. "रातभर. डेरा हालला का बंडी हालली पायजे. घरी धान खळ्यात पडून राहे. पैसा भेटे का न भेटे."

"आम्ही साहेब नाही, बाबा," मी म्हटले.

"तुमी गुर्जी होय, मले मालूम हाय. नातू तुमच्या शाळेत हाय."

त्याने खळ्यावर आम्हांला जागा दिली. तणसावर सतरंज्या टाकल्या. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. म्हाताऱ्याला आग्रह केला तेव्हा तो जेवला. मोहाखालून थंडी उतरत होती. गॅरेजवाला कधी नव्हे तो गप्प होता. म्हातारा आज्याबद्दल बोलत राहिला. एकदा म्हणे दौऱ्याच्या वाटेत बैल बसला, उठेना. आज्याने त्याच्या जागी स्वतः जू धरले आणि साहेबाचे बाथटब म्हणतात ते भांडे पुढच्या मुक्कामी पोचवले. बैल तिथेच मेला. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. पावसाच्या गोष्टी सांगाव्यात तसे सांगत होता. मी अंधारात नोटांचा विचार करीत होतो. त्या त्याने का घेतल्या नाहीत हे मला कळत होते आणि विचारण्याची छाती होत नव्हती.

पहाटे त्यानेच उठवले. हातात कुदळ आणि घमेले होते.

"बैलाचे पैसे नाय," तो म्हणाला. "लाखोडीचे बी नाय, जनावरं खाऊन जातेच. पन धुरा बांदून द्या. पानी पडला का मग हात नाय पुरत."

आम्ही चौघे बांधीत उतरलो. धुरा बांधणे म्हणजे माती टाकणे असे मला वाटत होते. तसे नसते. खचलेली जागा आधी खोल उकरायची, जुन्या मातीला दात पाडायचे, मग बोटभर थर, पाणी, पायांनी चेपणी, पुन्हा थर. थर जाड झाला तर आत पोकळी राहते आणि पहिल्याच पावसात पाणी तेथून वाट काढते. मुनीम दहा वाजता रिकाम्या घमेल्यावर बसला. गॅरेजवाल्याने सदरा काढून ठेवला होता आणि तो न बोलता माती खणत होता. अकराच्या सुमारास धुरा दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांशी बरोबरीला आला असे आम्हांला वाटले आणि आम्ही हात धुवायला निघालो.

म्हातारा धुऱ्यावर चढला. मधोमध उभा राहिला आणि टाच रोवून दाबली. टाच आत गेली.

"आनखी पानी आना, गुर्जी," तो म्हणाला.

मी बादली घेऊन बोडीकडे निघालो.