मालक गेला, दोष मातीला?

पंजाबातल्या फुटबॉलविषयी एक मत इतकं रुळलं आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. फुटबॉलचे क्लब कोलकात्यात रुजतात, गोव्यात रुजतात, फार तर केरळात; पंजाबात नाही. इथे एखादा गिरणीमालक किंवा हौशी उद्योजक पैसा ओततो, दोन-चार चषक येतात आणि पैसा आटला की क्लब संपतो, असं सांगितलं जातं. दाखल्याला जेसीटी आणि मिनर्व्हा ही दोन नावं तयार असतात. उलट दक्षिण अमेरिकेत प्रांतातला क्लबही शंभर वर्षं जगतो, कारण तिथल्या मातीतच फुटबॉल आहे, असंही ऐकवलं जातं.

पूर्वपक्षातल्या घटना खऱ्या आहेत. फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ १९७१ साली उभा राहिला, त्याने १९९६-९७ची पहिलीच राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०११ साली व्यवस्थापनाने तो बंद केला. मिनर्व्हा पंजाबने २०१७-१८ची आय-लीग जिंकली. पुढच्या दोनेक वर्षांत क्लबचं नाव बदललं आणि मालकही. हे सगळं मान्य. यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला साफ अमान्य आहे.

आधी मातीचं पाहू. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके असताना गोल करणारा जर्नैलसिंग होशियारपूर जिल्ह्यातला. इंदरसिंग फगवाड्याचा, १९७४-७५च्या संतोष करंडकात त्याने एकट्याने २३ गोल केले आणि अंतिम सामन्यात पंजाबने बंगालला ६-० असं हरवलं. पंजाबने हा करंडक आठ वेळा जिंकला आहे. त्यातला पहिला १९७०-७१चा, म्हणजे जेसीटीचा देशभर दबदबा होण्याच्या आधीचा. गिरणीने ही खेळाडूंची फळी निर्माण केली नाही. होशियारपूर-जालंधरकडच्या गावांनी आणि माहिलपूरच्या मैदानांनी घडवलेली मुलं तिने कामाला लावली.

यावर आक्षेप येतो की १९९६च्या जेसीटीत केरळचा विजयन होता, सिक्कीमचा भूतिया होता, आणि मिनर्व्हात तर मणिपुरी मुलांचा भरणा होता. मग हे पंजाबचे क्लब कसे? पण जर्नैलसिंग वर्षानुवर्षं मोहन बागानची बचावफळी सांभाळत होता, म्हणून मोहन बागान बंगालचा राहिला नाही, असं कुणी म्हणत नाही. चंडीगड आणि मिनर्व्हाच्या अकादम्यांतून पुढे आलेल्या मणिपूरच्या जिकसन सिंगने २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध गोल केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. परप्रांतातलं पोर येऊन जिथे घडतं, त्या जागेला नापीक कसं म्हणायचं?

आता दक्षिण अमेरिका. अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातल्या रोसारियो शहरात २४ डिसेंबर १८८९ रोजी एक क्लब निघाला. तो काढला सेंट्रल अर्जेंटाइन रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी, आणि सुरुवातीला सभासदत्वही रेल्वेच्या माणसांपुरतंच होतं. म्हणजे जन्माने रोसारियो सेंत्रालही कंपनीचाच क्लब, जेसीटीसारखा. फरक पुढे पडला. १९०३ साली त्याने बाहेरच्यांना दार उघडलं, नाव बदललं, आणि क्लब शहराचा झाला. रेल्वेची मालकी पुढे कितीदा फिरली, तरी क्लबाला धक्का लागला नाही, कारण तो सभासदांचा होता. १९७१ साली राजधानी आणि तिच्या भोवतालच्या प्रांताबाहेरचा पहिला राष्ट्रीय विजेता तोच ठरला. त्या वर्षी १९ डिसेंबरला उपांत्य फेरीत आल्दो पोयने झेप घेऊन डोक्याने केलेल्या गोलाने शेजारच्या न्यूवेल्सला हरवलं. तो गोल रोसारियोची माणसं दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा साजरा करतात, खुद्द पोयला उडी मारायला लावून. अशी आठवण मातीतून आपोआप उगवत नाही. ती जपणारी संस्था लागते, आणि त्या संस्थेवर लोकांचा हक्क लागतो.

फगवाड्यात हेच घडलं नाही. २०११ साली संघ बंद करताना व्यवस्थापनाने लीगला दूरचित्रवाणीवर पुरेसं स्थान नसल्याचं कारण दिलं. धंद्याच्या हिशेबाने ते खरंही असेल. पण प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही, कारण विचारण्याची सोयच नव्हती, सभासद नव्हतेच. हा दोष पंजाबचा म्हणावा, तर मुंबईचं काय? २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० साली, जेसीटीच्या वर्षभर आधी, असाच गुंडाळला गेला. २०१६ साली गोव्याच्या धेंपो आणि साळगावकर यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. तेव्हा गोव्याची माती फुटबॉलला मानवत नाही, असं कुणी लिहिलं नाही.

मराठी वाचकाला रोसारियोपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकलेली नाही, हे मान्य. पण मालकाने कंटाळून बंद करावी अशी ती गोष्टच नाही. तालीम पेठेची आहे.

पंजाबच्या वाट्याला आलेली आणखी एक अडचण झिरकपुरात राहणाऱ्याला रोज दिसते. झिरकपूर पंजाबात, शेजारचं चंडीगड केंद्रशासित, आणि लगतचं पंचकुला हरियाणात. ८ मार्च २०१८ रोजी मिनर्व्हाने चर्चिल ब्रदर्सला १-० हरवून आय-लीग जिंकली, ती पंचकुल्याच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर. पुढे राउंडग्लास पंजाब या नावाने याच क्लबने २०२२-२३ची आय-लीग जिंकली आणि खेळाच्या बळावर इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) चढणारा तो पहिला क्लब ठरला. त्याचं बक्षीस काय, तर २०२३-२४च्या मोसमात घरचे सामने दिल्लीत. जालंधर-लुधियान्याच्या प्रेक्षकाने आपल्या संघासाठी आधी तासन्‌तास प्रवास करायचा, आणि मग गर्दी नाही म्हणून त्याच्याच प्रांताला नावं ठेवायची, हा न्याय नव्हे.

मिनर्व्हाची अकादमी मात्र मोहालीत चालूच राहिली. जुलै २०२५मध्ये स्वीडनच्या गोथिया कपात तिच्या मुलांनी अंतिम सामना ४-० असा जिंकला. समोरचा संघ अर्जेंटिनाच्या तुकुमान प्रांतातला होता.