पळून गेलेले, निघून गेलेले आणि आपला फलक

सुप्याच्या चौकात एका मंडळाने गावच्या खेळाडूंचा नवा फलक लावलाय, तो बहुतेकांनी पाहिला असेल. जुन्या फलकावर बारा फोटो होते, नव्यावर अकरा आहेत. कोणता गेला ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पोरगा कबड्डी खेळतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संघाकडून खेळायला लागला, त्याच्यावर नोकरीही लागली. या हिवाळ्यात स्पर्धेत तो आपल्याच पोरांसमोर उतरला आणि चढाईत सात गुण घेऊन गेला. झालं, गद्दार ठरला. बाराव्या जागी आता वर्गणीदाराचा फोटो आहे. ते कोणता खेळ खेळतात हे मला अजून कळलेलं नाही.

मंडळाच्या एका कार्यकर्त्याला विचारलं, तर म्हणाला, "पत्रकार, तुम्ही यात पडू नका. जो गाव सोडून गेला त्याचा फोटो गावाने कशाला मिरवायचा?"

प्रश्न अगदीच बाद नाही. पण उत्तर जरा लांबून आणावं लागेल. चहा घेऊन बसा.

12 जून 2024 ची रात्र आठवते का? टी-ट्वेंटी विश्वचषक, न्यूयॉर्कला भारत विरुद्ध अमेरिका. याच चौकात टपरीवर मोबाइल टेकवून दहा-बाराजण बसलो होतो. अमेरिकेने 110 केल्या. आपण खेळायला आलो आणि विराट कोहली पहिल्याच चेंडूवर बाद, शून्यावर. थोड्या वेळाने रोहित शर्मा 3 वर. दोन्ही विकेट एकाच गोलंदाजाच्या. पडद्यावर नाव आलं, नेत्रावळकर. क्षणभर सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, "आयला, हा तर आपलाच निघाला!" आणि सगळे हसले. टाळी वाजवणाऱ्यांत वरचा कार्यकर्ताही होता. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, जन्म 1991 चा. 2010 मध्ये न्यूझीलंडला झालेल्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला. के. एल. राहुल, जयदेव उनाडकट, मयंक अग्रवाल त्याच संघात होते. पुढे मुंबईकडून रणजीचा सामना मिळाला तो एकच. मुंबईच्या संघात डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजाला जागा मिळणं म्हणजे दादर स्टेशनवर सकाळी नऊला लोकलमध्ये बसायला मिळणं. पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर होता. 2015 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पुढचं शिकायला अमेरिकेला गेला, नंतर ओरॅकल कंपनीत लागला. क्रिकेट सुटलं असं समजूनच गेला होता. तिथं सुट्टीच्या दिवशी खेळता खेळता तो अमेरिकेच्या संघात पोचला, कप्तानही झाला. भारताआधी 6 जूनला डॅलसजवळ पाकिस्तानशी सामना बरोबरीत सुटला, तेव्हा सुपर ओव्हर त्यानेच टाकली. अमेरिकेच्या 18 होत्या, पाकिस्तानला 13 च करता आल्या.

त्याला कुणी गद्दार म्हणालं नाही. मुंबईत त्याच्या घरच्यांकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, उलट वाहिन्यांचे कॅमेरे घरी गेले. तो विमानाने गेला, व्हिसा घेऊन गेला आणि मनात आलं की तिकीट काढून घरी येऊ शकतो.

हे सगळं आपल्याला इतकं साधं वाटतं की यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. पण जगात एक देश असा आहे, जिथं खेळाडूला एवढंच करायला समुद्र ओलांडून पळावं लागलं. तो देश क्युबा.

क्युबात बेसबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट समजा. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, तो तिथला बुमराह. 1959 मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले आणि 1961 मध्ये त्यांनी धंदेवाईक खेळ बंद केला. खेळाडू सरकारी पगारावर देशासाठी खेळणार, पैशासाठी नाही. कल्पना वाईट नव्हती, आणि फळही आलं. बेसबॉलचं ऑलिंपिक सुवर्ण क्युबाने 1992, 1996 आणि 2004 असं तीन वेळा घेतलं. ओमार लिनारेससारखा तिथला सर्वात मोठा फलंदाज अमेरिकेत जाऊन कोट्यधीश झाला असता, तो गेला नाही. असे न गेलेलेही पुष्कळ आहेत, त्यांची गोष्ट कुणी सिनेमात घालत नाही.

पण नव्वद मैलांवर अमेरिका. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, क्युबाला मिळणारं तेल-धान्य आटलं, घराघरात उपासमार आली. त्याच वर्षी 10 जुलैला क्युबाचा संघ अमेरिकेतली स्पर्धा खेळून परत निघाला होता. मायामी विमानतळावर रेने अरोचा नावाचा पिचर संघातून बाजूला झाला आणि चालत बाहेर पडला, इतकंच. राष्ट्रीय संघातून असा निघून गेलेला तो पहिला. 1993 मध्ये बफेलो शहरात विद्यापीठांची जागतिक स्पर्धा चालू असताना रे ऑर्दोन्येस कुंपणावरून उडी मारून बाहेर थांबलेल्या गाडीत बसला. 2009 मध्ये अरोल्डिस चॅपमन रॉटरडॅमच्या हॉटेलच्या दारातून बाहेर पडला तो परत आलाच नाही. सहा महिन्यांनी सिनसिनाटीच्या संघाने त्याच्याशी 3 कोटी डॉलरच्या वर करार केला.

इथवर वाचून वाटेल, पैशाला भुलले. पण मागे राहिलेल्यांचं काय झालं ते बघा.

लिव्हान हर्नांडेझ 1995 मध्ये मेक्सिकोत संघ सोडून गेला. त्याचा सावत्र भाऊ ऑर्लंडो, लाडाने एल दुके, म्हणजे सरदारच म्हणा. क्युबाचा सर्वात भारी पिचर, ऑलिंपिक सुवर्णवाला. तो कुठे गेला नव्हता, देशातच होता. पण भाऊ पळाला म्हणून संशय याच्यावर. 1996 मध्ये त्याच्यावर जन्मभराची बंदी आली. मनोरुग्णालयात काम दिलं, पगार महिन्याला 10 डॉलरपेक्षा कमी. इकडे 1997 मध्ये लिव्हान अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या मालिकेचा मानकरी ठरला. दोन वर्षं न भेटलेल्या त्याच्या आईला शेवटच्या सामन्यासाठी कसाबसा व्हिसा मिळाला. त्याच डिसेंबरमध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ऑर्लंडो लहानशा बोटीतून निघाला, बहामाजवळच्या एका ओसाड बेटावर काही दिवस अडकला, अमेरिकेच्या तटरक्षकांनी उचलला, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजकडून विजेतेपद जिंकला. म्हणजे ज्याला पळायचं नव्हतं, त्याला बंदीने पळवला.

होसे कॉन्ट्रेरास 2002 मध्ये मेक्सिकोतून गेला, 3 कोटी 20 लाख डॉलरचा करार झाला. बायको आणि दोन मुली मात्र क्युबात. त्यांना बाहेर पडायची परवानगी मिळाली नाही. शेवटी 2004 च्या जूनमध्ये त्याही बोटीने फ्लोरिडाला पोचल्या. होसे फर्नांडेझ तर तेव्हा शाळकरी पोर. पळायचा प्रयत्न फसला म्हणून तुरुंगात राहून आला होता. 2008 मध्ये पुन्हा निघाला, रात्री बोटीतून कुणीतरी पाण्यात पडलं, याने उडी मारून वाचवलं. वर ओढल्यावर कळलं की ती त्याची आई आहे.

आता अमेरिकेचीही बाजू सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो. अमेरिकेने 1962 पासून क्युबाशी व्यापार तोडला. त्यामुळे क्युबात राहणाऱ्या खेळाडूशी तिथला कुठलाही क्लब करार करू शकत नाही. आधी देश सोड, मग बोल. त्यातही मेख अशी की थेट अमेरिकेत उतरला तर नवशिक्यांच्या निवडीत नाव टाकावं लागतं, पैसे कमी. तेच मेक्सिको, हैती, डोमिनिकन रिपब्लिक अशा तिसऱ्या देशात राहतो असं दाखवलं, तर मोकळा खेळाडू म्हणून बोली लागते, आकडा कोटींत. हा रस्ता दलालांनी शोधला आणि मागोमाग माणसांची तस्करी करणाऱ्या टोळ्या आल्या. खेळाडूला बोटीने काढायचं, मेक्सिकोत खोलीत डांबायचं आणि करार झाला की हिस्सा वसूल करायचा. यासिएल पुइग 2012 मध्ये असाच निघाला. होसे अब्रेऊने 2017 मध्ये मायामीच्या न्यायालयात सांगितलं की हैतीहून येताना विमानात त्याने बनावट पासपोर्टचं पान फाडून बिअरच्या घोटाबरोबर खाल्लं. त्या खटल्यात एक एजंट आणि एक प्रशिक्षक दोषी ठरले. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब समजवायला नको.

2013 मध्ये क्युबाने देशाबाहेर जायची परवानगीची अट काढली. कॉन्ट्रेरास त्याच वर्षी आईला भेटून आला. डिसेंबर 2018 मध्ये दोन्ही देशांच्या बेसबॉल संस्थांनी करारही केला, खेळाडूने रीतसर जावं, खेळावं, घरी परत यावं. एप्रिल 2019 मध्ये ट्रम्प सरकारने तो रद्द केला. मग 2021 मध्ये मेक्सिकोत 23 वर्षांखालचा विश्वचषक झाला. क्युबाचे 24 खेळाडू गेले, त्यातले निम्मे परत आलेच नाहीत. दोन्हीकडून दार बंद, मग पोरं खिडकीतून जाणारच.

आपल्याकडे अशी बोट लागत नाही, पण कुंपण अगदीच नाही असंही नाही. खेळत असलेल्या पुरुष क्रिकेटपटूला बीसीसीआय परदेशी लीगमध्ये खेळू देत नाही, आधी निवृत्ती घ्यावी लागते. 19 वर्षांखालच्या संघाला 2012 चा विश्वचषक जिंकून देणाऱ्या उन्मुक्त चंदने 2021 मध्ये निवृत्तीचा कागद दिला आणि अमेरिकेला गेला. त्यावर वाद घालता येईल. पण कुणी त्याच्या भावाला संघातून काढलं नाही.

याहून जुनी गोष्ट आहे. विजय हजारे सांगलीचे. सुरुवातीला महाराष्ट्राकडून खेळले, मग बडोद्याला गेले, गायकवाड सरकारच्या आश्रयाला. 1947 च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटला 577 ची भागी केली. हजारे 288, गुल महंमद 319. मार्च महिना होता, ऑगस्टमध्ये देशाची फाळणी झाली. गुल महंमद त्यानंतरही भारताकडून कसोटी खेळले, नंतर पाकिस्तानात गेले आणि 1956 मध्ये कराचीत पाकिस्तानकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरले. दोन्ही देशांकडून खेळलेल्या तिघांतले ते एक. म्हणून त्या 577 मधल्या 319 धावा बडोद्याच्या वहीतून कुणी खोडल्या नाहीत. हजारे सांगली सोडून गेले म्हणून सांगलीने नाव टाकलं नाही, आणि देशातली एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्या नावाने चालते.

आपल्या जिल्ह्याचंच घ्या. झहीर खान श्रीरामपूरचा. रणजी पहिल्यांदा कुणाकडून खेळला? बडोद्याकडून. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीत, खेळला मुंबईकडून. महाराष्ट्राच्या संघाविरुद्ध मुंबईकडून उतरतो तेव्हा नगर जिल्ह्यात त्याचे फोटो कुणी उतरवत नाही. आणि आपल्या पारनेर तालुक्यातली किती घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर उभी राहिली, हे मी इथं कुणाला सांगायचं? माझे चुलते परळला गेले, तेव्हा आजीने दारात दही हातावर ठेवलं होतं. गद्दार म्हणाली नव्हती.

सुप्यात कबड्डीला मॅट नाही. मैदान आहे, त्याच्या एका बाजूला खडी पडली आहे. सरावाला पोरं एमआयडीसीतली पाळी संपवून रात्री येतात. त्या पोराला पुण्यात मॅट मिळाली, मार्गदर्शक मिळाला, पगार मिळाला. यातलं आपण त्याला काय देत होतो, आणि तो ते नाकारून गेला, असं कुणी मला दाखवून द्यावं.

आता खरं सांगायचं ते हे. त्याचे वडील, तात्या, रोज सकाळी डेअरीला दूध घालायला चौकातून जायचे. फलक बदलल्यापासून ते मागच्या गल्लीने जातात. परवा मी थांबवून विचारलं, तर म्हणाले, "रस्ता जवळ पडतो." जवळ पडत नाही, मी मोजलाय.

रविवारी संध्याकाळी सातला मंडळाची बैठक आहे. जुन्या फलकाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, तो मोठा छापून घेऊन जाणार आहे. वर्गणीदारांचा फोटो हवा तर खाली वेगळ्या पट्टीत लावू, माझी हरकत नाही. बारावी जागा मोकळी करा, एवढाच विषय मांडणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं. तात्यांना मी बोलावलेलं नाही, उगीच अवघडतील.