देठ न तोडता

पुण्याजवळ १७९३च्या सुमारास कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला नवं नाक मिळालं. इंग्रजी फौजेचे बैल हाकताना तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. नाक बसवणारा विटा पाडणाऱ्या जातीतला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली ही हकिगत चित्रासह छापली. कावसजीचं नाव आलं, कारागिराचं आलं नाही. याची मला आजही चुटपुट लागते.

रीत अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करून कपाळावर सपाट ठेवायचा, भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची. भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही. कातडीला पीळ देऊन ती खाली आणायची, तासलेल्या कडांत बसवायची, वर ओल्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. पट्टी कापायची पंचविसाव्या दिवसाच्या आसपास. तोवर नाकाला रक्त त्या देठातूनच.

इंग्रज सर्जन जोसेफ कार्प्यूने १८१४ साली लंडनमध्ये हेच केलं आणि रीत युरोपभर गेली. देठ राखायचं तेच तत्त्व पुढे छातीच्या कामी आलं. इटलीच्या सर्जन तान्सिनीने १९०६ साली पाठीची कातडी स्नायूसकट, काखेतल्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून पुढे वळवली आणि कर्करोगामुळे स्तन काढल्याची जखम झाकली. पण तेव्हा शब्द चालायचा अमेरिकेच्या सर्जन हॅल्स्टेडचा: स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढा, पुनर्रचना नको. त्याला रोग परतू द्यायचा नव्हता, हे खरं. किंमत मात्र बायकांच्या पिढ्यांनी मोजली. पाठीचा तो स्नायू १९७०च्या दशकात पुन्हा हाती घेतला गेला. १९८२ साली अमेरिकेच्या हार्ट्रॅम्फने पोटाची कातडी-चरबी तशीच वर आणली. लवकर सापडलेल्या गाठीत स्तन राखून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते, हेही अमेरिकेचे फिशर आणि इटलीचे व्हेरोनेसी यांनी १९८०च्या दशकात दाखवलं.

आज सर्जन बाईला उभं करून पाठीवर पेनाने आखणी करतात. शस्त्रक्रियेनंतर नर्स नवी कातडी बोटाने दाबते. रंग परतला, की देठातून रक्त वाहतंय.

‘छाती काढावी लागेल’ असं ऐकणाऱ्या पुण्याजवळच्या पिंपरीतल्या बाईला त्याच दिवशी पुनर्रचनेबद्दलही सांगायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. किती कातडी राखायची, पाठीची घ्यायची की पोटाची, किरणोपचार कधी, याचा विचार चीर देण्याआधीच करावा लागतो.