चारोइट : चुकीच्या नावाखाली राहिलेला दगड

जुन्या बाडांतून काम करणाऱ्यांना एक अनुभव ठाऊक असतो. पोथी असते, तिची नोंदही असते; पण ती दुसऱ्याच ग्रंथाच्या नावाने, म्हणून तिच्याकडे कोणी वळत नाही. चारोइट या जांभळ्या शोभेच्या दगडाचा इतिहास आम्हांला असाच वाटतो.

सैबेरियात इर्कुत्स्क प्रांत आणि याकूतिया यांच्या सीमेलगत मुरुन हा डोंगराळ भूभाग आहे. चारोइट केवळ तेथेच सापडतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीस भूशास्त्रज्ञांनी तो पाहिला, परंतु कमिंग्टोनाइट या परिचित खनिजाचा खडक समजून पुढे गेले. उघड्यावरचा ओबडधोबड दगड फारसा आकर्षक दिसत नाही, हेही खरे. नवे खनिज म्हणून त्याचे वर्णन वेरा रोगोवा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले ते १९७८ साली.

नाव चारा नदीवरून दिले, असे सांगतात. नदी मात्र तेथून बरीच दूर वाहते. मराठी कानाला त्या नावाने गोठा आठवेल, पण रशियनमध्ये ‘चारी’ म्हणजे मोहिनी. विक्रेत्यांना हीच व्युत्पत्ती अधिक प्रिय असावी!

झिलई दिल्यावर त्यात रेशमी तंतूंचे भोवरे दिसतात. रंग इतका गडद की तो कृत्रिम असावा अशी शंका येते. ओळख पटते ती केवळ रंगावरून नव्हे. ॲमेथिस्ट पारदर्शक आणि कठीण, मोज मापनावर ७. चारोइट ५ ते ६. सुगिलाइटही जांभळा व अपारदर्शक असतो, पण त्यात हे तंतू नसतात. चारोइटमध्ये बहुधा एजिरिनच्या काळ्या सुया आणि टिनाक्साइटचे नारिंगी ठिपके असतात. ज्याला अशुद्धी म्हणावे तेच येथे सर्वांत भरवशाचे साक्षीदार ठरतात, आणि पाठचिकित्सा करणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

तरीही नाव मिळाल्याने वाचन पुरे झाले नव्हते. पोटॅशियम, कॅल्शियम, सोडियम, सिलिका आणि पाणी ही घटकांची यादी हाती होती. रचना उलगडत नव्हती, कारण तंतू इतके सूक्ष्म की क्ष-किरणांच्या नेहमीच्या पद्धतीला पुरेसा मोठा एकसंध स्फटिकच मिळेना. अखेर इलेक्ट्रॉन-विवर्तनाच्या साहाय्याने सिलिकाच्या नळीसारख्या साखळ्या दिसल्या. ती रचना प्रसिद्ध झाली २०१० साली. तोवर त्याच दगडाच्या फुलदाण्या आणि पेट्या कितीतरी दिवाणखान्यांत पोचल्या होत्या.