यमूचं बोलणं

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ मी विशीत वाचली, तेव्हा एका दुर्दैवी विधवेची कथा म्हणून रडलो आणि पुस्तक मिटलं. पुढे जुने संदर्भ धुंडाळताना सनावळी जुळली. १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू झालं, त्यातून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. म्हणजे पुण्यात मुलींच्या वयावरून पुरुष सभा गाजवत होते, तेव्हा यमू आपली हकीकत स्वतः सांगत होती.

मग पुन्हा वाचली. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. तरी यमूचं केशवपन सक्तीने होतं. कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो, घरात सत्ता शंकरमामंजींची. अर्थात यमूच्या तोंडून बोलतो तोही पुरुषच, हे विसरता येत नाही.

आमच्याकडे पणजीचा एकच फोटो आहे, डोक्यावरून आलवण घेतलेला. घरात तिच्याबद्दल ‘सोवळी होती’ एवढंच सांगत. त्या दोन शब्दांत काय दडलंय, हे विचारायचं मला कादंबरीने शिकवलं. तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं.