महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील खेळाडू भरती : कौशल्य आणि शारीरिक क्षमता

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये शालेय खेळाडूंना हेरून विद्यापीठाच्या संघात घेण्याच्या प्रक्रियेस खेळाडू भरती म्हणतात. नेमबाजी, पास, ड्रिबल आणि खेळाची समज यांत तयार असलेला खेळाडू निवडावा, की उंची, वेग व उडी लाभलेल्या परंतु खेळात कच्च्या असलेल्या मुलाला घेऊन घडवावे, हा या प्रक्रियेतील जुना वाद आहे.

वादाचे स्वरूप

या स्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या प्रथम विभागात खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येते, असा दीर्घकाळ नियम होता. पुरुष संघांना अनेक वर्षे १३ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. त्यामुळे चुकलेली निवड संघाला आणि विद्यार्थ्यालाही महागात पडते. उंची सरावाने वाढत नाही, नेम मात्र सुधारतो, असे एक पक्ष मानतो. नेमबाजी मुरण्यास वर्षे लागतात आणि महाविद्यालयाकडे तेवढा अवधी नसतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते.

नियमांचा प्रभाव

पूर्वी चेंडू हवा तितका वेळ ताब्यात ठेवून दुबळा संघही बलवान संघाला रोखू शकत असे. पुरुषांच्या स्पर्धांत १९८५-८६ पासून ४५ सेकंदांत फेक करणे सक्तीचे झाले. ही मर्यादा १९९३-९४ मध्ये ३५ आणि २०१५-१६ मध्ये ३० सेकंदांवर आली. खेळ वेगवान झाल्याने चपळ खेळाडूंना वाव मिळाला. मात्र १९८६-८७ पासून देशभर लागू झालेल्या तीन गुणांच्या रेषेमुळे दुरून अचूक फेक करणाऱ्यांचेही मोल वाढले.

उल्लेखनीय उदाहरणे

* हकीम ओलाजुवॉन : नायजेरियात फुटबॉल व हँडबॉल खेळलेला हा उंच तरुण बास्केटबॉलकडे उशिरा वळला. १९८० मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात आल्यावर पहिला हंगाम तो सामने खेळला नाही. पुढे १९८२ ते १९८४ सलग तीन वर्षे त्याचा संघ अंतिम चार संघांत पोहोचला.
* स्टीफन करी : सडपातळ शरीरयष्टीमुळे मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. त्याच्या नेमबाजीच्या बळावर डेव्हिडसन या लहान महाविद्यालयाने २००८ मध्ये अंतिम आठ संघांत स्थान मिळवले.
* प्रिन्स्टन विद्यापीठ : येथे क्रीडा शिष्यवृत्ती दिली जात नाही. तरीही पीट कॅरिल यांच्या संघाने अचूक पास व हालचालींच्या जोरावर १९९६ मध्ये गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले.

अलीकडील बदल

खेळाडूंच्या संघबदलाची नोंद ठेवणारी प्रणाली २०१८ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून पहिल्या संघबदलानंतर एक वर्ष बाहेर बसण्याची अट उठली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर अर्थार्जन करण्याची मुभा मिळाली. परिणामी प्रशिक्षकांना इतर महाविद्यालयांतील अनुभवी खेळाडू सहज मिळू लागले. कच्च्या खेळाडूवर मेहनत घेतली, तरी तो घडल्यावर संघात टिकेलच याची शाश्वती राहिली नाही. दुसरीकडे, संधी न मिळालेल्या विद्यार्थ्याला एक हंगाम वाया न घालवता अन्यत्र जाण्याचा मार्ग खुला झाला.

हे सुद्धा पहा

* बास्केटबॉल
* स्टीफन करी