गिलानमधला मुलगा, बिदरमधला बाप

बिदरमध्ये चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना महमूद गवानचा मदरसा लागतो. बहमनी राज्याच्या या वजिराने तो 1472 मध्ये उभा केला. गवान मुळातला इराणचा, कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलानचा. तिथल्या दरबारी हेव्यादाव्यांना कंटाळून त्याने देश सोडला आणि 1453 च्या सुमारास व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात पाऊल ठेवलं. तिथून बिदर गाठलं आणि पुढे राज्याचा कारभार हाती घेतला. खेळणा म्हणजे आपला विशाळगड, संगमेश्वर आणि मग गोवा, या मोहिमा त्याच्याच. मराठी मुलखात त्याची ओळख एवढ्यावरच थांबते.

बाप म्हणून त्याची ओळख व्हायची तर त्याची पत्रं वाचावी लागतात. 'रियाज़-उल्-इन्शा' या त्याच्या फारसी पत्रसंग्रहात सुलतान, वजीर, सूफी आणि कवी यांच्याबरोबर त्याची मुलंही भेटतात. इथे दख्खनमध्ये कामावर असलेल्या अलीला तो राज्यकारभाराचे धडे देतो. अब्दुल्ला मात्र दूर गिलानमध्ये. ज्या भूमीकडे बापाने पाठ फिरवली, तिथेच हा मुलगा राहत होता आणि त्याचं वागणं बापाला मुळीच पटत नव्हतं. त्याला लिहिताना गवानची अलंकारिक फारसी कडक होते. राज्य हाकणाऱ्या माणसाचा समुद्रापलीकडच्या पोरावर काही इलाज चालत नाही, हे त्या कडकपणातून कळतं.

संग्रह गवानच्या पत्रांचा आहे, त्यामुळे ऐकू येते ती एकच बाजू. बाप रागावला म्हणून अब्दुल्ला वाया गेलेला होता, असा निकाल देणं अन्यायाचं होईल. लहानपणी बाप किती लाभला असेल त्याला?

मदरशाच्या दर्शनी भिंतीजवळ उभं राहून नीट पाहावं. निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकाकत्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटून आहेत. उरलेल्या मिनारावर त्यांच्या नागमोडी पट्ट्या वर चढत जातात. सुलेखनकार अली अल्-सूफीने रेखलेल्या अक्षरांचा पट्टा मधेच तुटतो. 1696 मध्ये इथे साठवलेल्या बारुदीचा स्फोट झाला आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग, एका मिनारासकट, कोसळला. दख्खनच्या मातीत गवानने आपल्या मुलखाची वास्तू जशीच्या तशी वसवली होती. आत तीन मजले, विद्यार्थ्यांच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय. इतिहासकार फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे तीन हजार ग्रंथ होते. पत्रं वाचून इथे आलं की त्या खोल्या वेगळ्या दिसतात. स्वतःच्या मुलाला हाताशी धरून शिकवणं ज्याला साधलं नाही, त्याने परक्यांच्या मुलांसाठी राहण्याजेवणाची सोय केली. हा पुरावा नव्हे, पण त्या माणसाकडे नेणारी वाट हीच आहे असं वाटतं.

ज्याने पत्रलेखनाच्या शास्त्रावर 'मनाज़िर-उल्-इन्शा' हा ग्रंथ लिहिला, त्याचा जीव घेतला तो एका बनावट पत्राने. विरोधकांनी त्याच्या शिक्कानविसाला फितवून कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली आणि ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारा मजकूर त्यावर लिहिला. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, असं गवान सांगत राहिला. 5 एप्रिल 1481 रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सुलतान तिसऱ्या मुहम्मदाने त्याचा शिरच्छेद करवला. तेव्हा त्याने सत्तरी गाठली होती. खरं कळल्यावर सुलतान पस्तावला आणि वर्षभरात तोही गेला.

'रियाज़-उल्-इन्शा'ची फारसी संहिता 1948 मध्ये हैदराबादला छापली गेली. त्यातली निदान मुलांना लिहिलेली पत्रं तरी मराठी वाचकाच्या हाती सहज पडावीत. मराठवाड्यात आणि बिदर-कलबुर्गी भागात फारसी जाणणाऱ्या अभ्यासकांनी हे काम मनावर घ्यावं. आणि बिदरला जाणाऱ्यांनी मदरसा पाहून परत फिरू नये. शहराबाहेर गोरनळ्ळीजवळ गवानची साधी कबर आहे, तिथेही जाऊन यावं.